एकटीचा घास

पोशीला कोणी फुकट काही दिलं की ती आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. खोडाळ्यापुढच्या त्या पाड्यावर सगळे तिला संशयी म्हणत, आणि ती होतीच. तिचं माहेर वावरकडचं. ब्याण्णव साली तिकडे कुपोषणाने पोरं पटापट गेली, तेव्हा ती तान्ह्याला घेऊन माहेरीच होती. गाड्या भरभरून माणसं आली, तिच्या मांडीवरच्या पोराचे फोटो काढले, औषध घेऊन येतो म्हणाली. औषध आलं नाही आणि पोर गेलं. तेव्हापासून इस्त्रीच्या कपड्यातलं माणूस चढ चढताना दिसलं की पोशीच्या कपाळाला आठी पडायची.

आता तिची पन्नाशी उलटली होती. मुलगा मुकेश आणि सून जयवंती भिवंडीकडे बांधकामावर, आणि तीन वर्षांची होत आलेली नात चैती हिच्यापाशी. चैती सुकत चालली होती. दंडाला कुपोषण मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली की खूण लाल रंगावर थांबे.

ही पट्टी लावायची वर्षा. जव्हारच्या मास्तरांची मुलगी, मुंबईच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला. नागली म्हणजे नाचणी, शेंगदाणे आणि गुळाच्या लगद्याने पोरं किती सुधारतात हे त्यांना तपासायचं होतं, आणि कुठल्याशा ट्रस्टने त्यासाठी पैसे दिले होते. अंगणवाडीसमोर चित्रं लावून वर्षा बायांना समजावी की हे औषधासारखं आहे, ज्याचं त्यालाच द्या. बाया माना डोलावत. मान डोलवायला काय जातं!

लगद्याचे पुडे येत होते, संपत होते, आणि चैतीचं वजन काही हलेना. संस्थेतल्या साहेबांना वाटलं, म्हातारी बाजारात विकत असणार. वर्षाने आडून विचारलं, "मावशी, सगळं चैतीच खाते ना?"

पोशीने ते बरोबर पकडलं. "तू मना चोर समजतंस काय? मीच विचारतां. पोर सुकं राह्यलं तरच तुमचं काम चालतं ना, बाय? ती जाडी झाली तर तुमी कोनाला मोजाल?"

वर्षाचा चेहरा पडला.

पुढच्या खेपेला ती न सांगता भर दुपारी आली. ओट्यावर पाड्यातली पोरं गोल करून बसलेली, मध्ये पोशी. पुडा फोडून ती एकेकाच्या तळहातावर बोटभर लगदा देत होती. चैतीच्या वाट्याला तेवढाच.

"मावशी, अहो हे चैतीचं आहे!"

"तिचाच हाय. पन तिनं एकलीनं खावा नि बाकीच्यांनी बघत बसावा? बघनाऱ्याची नजर लागते, घास अंगाला लागत नाय." आणि तिने वर्षापुढेही बोट धरलं. "घे, तूबी खा. मघाधरनं बघतंस."

पाड्यावर सगळ्यांचीच ही रीत होती. ओहोळात एक मासा गावला तरी त्याचे वाटे पडत. वर्षा ओट्यावर बसली, तो लगदा तिने चाटला आणि मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, लाल पट्टीवरचं पोर साध्या तापानेही जातं. सगळ्यांना पुरेल इतकं माझ्याकडे नाही. हिला दार लावून भरवा. नजर लागली तर ती माझ्यावर."

पोशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. विश्वास काही बसला नाही. पण आणखी एक पोर मांडीवरून जाण्याची भीती संशयापेक्षा मोठी निघाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने दार लावलं. बाहेर पोरं "आजे, आजे" करत फळीवर थापा मारत, आणि आत पोशी चैतीला भरवताना मेल्याहून मेल्यासारखी होई. हळूहळू पोरं यायची थांबली. शेजारचा ढवळू तर ओट्यावर पान खायलाही बसेना.

पावसाळा सरता सरता पट्टी हिरव्यावर गेली. वर्षाने चैतीला उचलून गिरकी घेतली. पोशीही हसली, किती वर्षांनी कोण जाणे.

त्याच संध्याकाळी ढवळूचा नातू अंगणात आला. पोशीला इतकं बरं वाटलं की तिने त्याला हाताला धरून घरात आणलं. चैती चुलीपाशी नागलीची भाकरी खात होती. "दे गं त्याला तुकडा," पोशी म्हणाली. चैतीने भाकरी पोटाशी धरली, त्याच्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "आजे, दार लाव."