बायची हक्कसोड

मेलेल्या माणसांच्या भानगडी वाचण्यात माझा हातखंडा आहे. रिटायर झाल्यापासून आठवड्यातले तीन दिवस मी तेच करतो. कॅनडात विंडसरमधल्या आमच्या लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये जुन्या कागदांची एक खोली आहे. आपले पूर्वज कोण, त्यांची जमीन कुठे होती आणि ती कुणी गिळली, हे शोधायला लोक तिथे येतात. बहुतेकांचे पूर्वज नदीपलीकडून, अमेरिकेतून आलेले. मग तिकडच्या कोर्टांची दोनशे वर्षांपूर्वीची दप्तरं स्क्रीनवर उघडायची आणि एकेक ओळ लावत बसायचं. इथल्या तरुण पोरापोरींना ती वाचताच येत नाहीत, कारण जोडून लिहिलेलं इंग्रजी त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. मला वसईच्या मिशनच्या शाळेत चाररेघी वहीवर, छडी खाऊन, शिकवलं गेलं. पुढे पस्तीस वर्षं मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात उभा राहिलो, तिथे माझ्या अक्षराचं कुणाला काय पडलं होतं! आता मात्र लायब्ररीतली बाई लोकांना माझी ओळख 'अवर एक्स्पर्ट' अशी करून देते. मी खोटा संकोचही दाखवत नाही.

गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोन कामं माझ्याकडे आली.

पहिलं वसईहून, कुरियरने. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आजही आमच्या वाडीतल्या घरात राहतो. वाडी आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे. ती बिल्डरला द्यायचं त्याने ठरवलं होतं आणि माझ्या वतीने सह्या करता याव्यात म्हणून मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला होता. मी टोरांटोला कॉन्सुलेटमध्ये जाऊन त्यावर सही करायची आणि कागद परत पाठवायचा. सोबतच्या चिठ्ठीत एक ओळ होती, 'बिल्डरला जागा रिकामी हवी आहे, बायची सोय सिस्टरांच्या आश्रमात बघितली आहे.'

बाय ही आमची बहीण. दादाच्या पाठची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नवरा गेला, मूल नाही, सासरच्यांनी विचारलं नाही, तेव्हा ती परत आली आणि विहिरीजवळच्या एका खोलीत राहू लागली. दादाने खोली दिली, हे खरं. तिथे तिची चूल आहे, पाच-सहा कोंबड्या आहेत, दारात अबोलीची रोपं आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला आणखी काय लागतं? पण ती खोली कागदावर तिची नाही. माझी सही झाली की खोली जाणार आणि बाय आश्रमात जाणार, एवढा सरळ हिशेब होता. मी मसुदा ड्रॉवरमध्ये ठेवला. रस्त्यावर बर्फ आहे, टोरांटोपर्यंत चार तास गाडी कोण चालवणार, असं दादाला कळवलं. बर्फात चालायचे विंटर टायर गाडीला आधीच लावलेले होते.

दुसरं काम एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईचं. म्हातारी म्हणजे नव्वदीला टेकलेली, नाहीतर म्हातारा मीही आहेच. जन्मभर शाळेत शिकवलेली, आता इथल्याच एका नर्सिंग होममध्ये असते. ती व्हीलचेअरवरून आली आणि मला म्हणाली की तिच्या घराण्यात चार पिढ्या एकच गोष्ट सांगत आल्यात. तिच्या पणजीच्या आईचं माहेर ओहायोतलं. बाप मेल्यावर भावांनी खोटी सही करून तिचा जमिनीतला हिस्सा लाटला आणि ती बिचारी नवऱ्यासोबत हात हलवत नदीच्या अलीकडे, कॅनडात आली. "मला ती खोटी सही बघायची आहे," म्हातारी म्हणाली, "मरायच्या आधी."

मला असली कामं आवडतात. दुसऱ्यांचे भाऊ हरामखोर निघाले की आपल्याला बरं वाटतं.

कागद लागायला सहा आठवडे गेले. बाप मृत्युपत्र न करता मेला होता. कोर्टाने शेजारच्या तीन माणसांना पाठवून त्याच्या सामानाची यादी करवली होती. नांगर, दोन गाई, एक तुटकी किटली, बिछान्याची पिसं. मग वारसांची नावं आली, तीन मुलगे आणि एक मुलगी, चौघांचा हिस्सा सारखा. दुपारी डबा खाताना मी लायब्ररीतल्या बाईला म्हटलंसुद्धा, आता सापडणार चोर.

चोर सापडला नाही, दस्त सापडला. त्या मुलीने आपला चौथा हिस्सा तिघा भावांना सोडून दिला होता. मोबदला एक डॉलर, आणि 'भावांविषयी वाटणारं नैसर्गिक प्रेम व माया.' खाली तिच्या नावापुढे फुली होती. त्याखाली न्यायाधीशाचा शेरा होता. त्या काळी तिकडे कायदाच होता की लग्न झालेल्या बाईने जमिनीवरचा हक्क सोडला तर न्यायाधीशाने तिला नवऱ्यापासून बाजूला घ्यायचं, कागदात काय आहे ते तिला समजावून सांगायचं आणि विचारायचं, बाई, हे तू कुणाच्या धाकाने तर करत नाहीस ना? शेऱ्यात लिहिलं होतं की तिला तसं विचारलं आणि तिने आपण आपखुशीने करत असल्याचं सांगितलं.

असले शेरे मी शेकड्यांनी वाचलेत. 'नाही, माझी खुशी नाही' असं उत्तर एकदाही वाचलेलं नाही. कारकुनाला ते वाक्य तोंडपाठ असायचं, बाईचं उत्तर यायच्या आधीच त्याने लिहून टाकलं असलं तरी मला नवल वाटणार नाही. आणि कायद्याने नवऱ्याला बाहेर काढलं, भावांबद्दल कायदा काहीच बोलत नव्हता. ते आत असतील, तर भिंतीला टेकून उभे असतील.

मी नर्सिंग होममध्ये जाऊन म्हातारीला सगळं वाचून दाखवलं. सही खोटी नव्हती, हे ऐकून ती खूश होईल असं मला का वाटलं होतं कोण जाणे. तिने माझ्या हातातल्या प्रतीवरच्या फुलीवर बोट ठेवलं. मग तिने विचारलं, "तिला लिहितावाचता येत नव्हतं ना? मग तो कागद तिला वाचून कुणी दाखवला?"

मी म्हटलं, समजावून सांगितला असं कोर्टाने लिहिलंय.

"लिहिलंय ते मी ऐकलं," ती म्हणाली, अगदी मास्तरणीच्या आवाजात. "वाचून कुणी दाखवला, ते विचारतेय."

मी कोट चढवला, पार्किंग लॉटमध्ये येऊन गाडीत बसलो आणि मला घाम फुटला. बाहेर उणे बारा होतं.

आमचे बाबा गेले त्याला तीस वर्षं होऊन गेली. मी इथून पाच आठवड्यांची रजा काढून गेलो होतो. चर्चमध्ये महिन्याचा मिस्सा झाला, पाहुण्यांची जेवणं झाली आणि दादा म्हणाला, उद्या रजिस्ट्रारकडे जाऊन यायचं, बायची हक्कसोड करून घेऊ. आम्हा ख्रिस्ती लोकांत कायद्याने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो. पण कायदा सरकारच्या पुस्तकात, आणि घरात चाल निराळी. बापाच्या माघारी बहिणीने आपला हक्क भावांच्या नावे सोडायचा, भावांनी तिला साडी-चोळी करायची आणि तिचं माहेर शाबूत राहायचं. जी हिस्सा मागते तिला पुन्हा सणाचं बोलावणं जात नाही. गावात अशा दोघी होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवून मुलींना वाढवलं जायचं. हे मला चुकीचं वाटलं असतं तर आज सांगायला बरं होतं. मला ते चुकीचं वाटलं नाही. मला माझी विमानाची तारीख दिसत होती.

बाय सासरहून पहिल्या एसटीने आली. निळं लुगडं, हातात आमच्यासाठी वालाच्या शेंगांची पिशवी. ऑफिसच्या व्हरांड्यात टायपिस्टने तीन पानं माझ्या हातात दिली. बाय सातवीपर्यंत शिकलेली, पण चष्मा घरी विसरली होती. ती म्हणाली, "जरा वाचून दाखव रे, काय लिहिलंय ते."

मी म्हटलं, "नेहमीचंच असतं बाय. सही कर पटकन, साहेब जेवायला जाईल."

तिने सही केली. आत साहेबाने मान वर न करता विचारलं, मजकूर मान्य आहे का, आणि दादा म्हणाला, हो साहेब. त्या पानांवर 'बंधुप्रेमापोटी व राजीखुशीने' असे शब्द होते. मला ते पाठ आहेत, कारण तिच्या हाती कागद देण्याआधी मी स्वतः ते सगळं नीट वाचलं होतं. माझं नाव बरोबर लिहिलंय की नाही ते बघायला.

आणि हाच मी, दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या बाईची फुली भिंग लावून तपासत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लाज वाटली. इतकी की त्या संध्याकाळी मी बायकोलाही काही सांगितलं नाही, रिचमंड हिलला राहणाऱ्या मुलीला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "डॅड, यू आर अ को-ओनर," ती म्हणाली. "जस्ट डोन्ट साइन. तुझ्या साइनशिवाय अंकल कान्ट डू एनीथिंग, राइट?"

मलाही तसंच वाटलं. सही माझ्या हातात आहे म्हणजे खोलीही माझ्या हातात आहे, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, कॉफीही न घेता दादाला फोन लावला. इथे साडेपाच वाजले होते, म्हणजे तिकडे दुपारचे चार. मी त्याला सांगितलं की बिल्डरकडून बायच्या नावावर एक फ्लॅट लिहून घे, तरच मी सही करीन.

दादा आधी हसला. मग म्हणाला, "इतकी वर्षं तिचं दुखणंखुपणं कोण बघतोय? तू? ख्रिसमसला कार्ड पाठवतोस ते?" ते खरं होतं. मग तो म्हणाला, "तिची काही तक्रार नाही. तूच विचार ना तिला." आणि फोन घेऊन तो विहिरीकडे गेला. पायाखालचा पाचोळा मला ऐकू येत होता. त्याने स्पीकर लावला.

"मला कुठेही चालेल," बाय म्हणाली. "तुम्ही भांडू नका."

दादाचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "दादा, तू जरा बाहेर जा. मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय."

"माझ्याच घरात मी बाहेर?"

"पाच मिनिटं."

तो काहीतरी पुटपुटला. दार ओढल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ नुसत्या कोंबड्या. माझ्या डोक्यात प्रश्न तयार होता. तुला काय हवंय, कुणाला न घाबरता सांग. तीस वर्षांनी का होईना, मी विचारणार होतो. वरातीमागून घोडं, पण घोडं तरी.

माझ्याआधी तीच बोलली.

"गेला तो," ती म्हणाली. आवाज राग नसलेला, जेवलास का विचारावं तसा. "बोल. आता आणखी कशावर सही पाहिजे तुम्हाला?"

रडू आलं ते तिला कळू नये म्हणून मी फोन तोंडापासून लांब धरला. शेवटी म्हटलं, "सही नको बाय. काहीच नको."

"मग त्याला कशाला उन्हात उभं केलंस?" ती म्हणाली आणि तिने दादाला आत हाक मारली.

मुखत्यारपत्रावर मी सही केली नाही, आजही केलेली नाही. टोरांटोला गेलो नाही, दादाच्या फोनवरच्या शिव्या ऐकल्या, पुढे त्या शिव्याही बंद झाल्या. बिल्डरचं अडलं आहे. दादाने ईस्टरनंतर बायची खोली पाडली. तिला सिस्टरांच्या आश्रमात नेऊन सोडलं आणि गावात सांगितलं की कॅनडावाल्या भावाने अडवलं म्हणून तिला फ्लॅट मिळाला नाही. बायचाही त्यावर विश्वास बसला आहे. मी आश्रमात कोणत्याही वेळी फोन केला की सिस्टर सांगतात, ती झोपली आहे. जमीन विकायला माझी सही लागते. खोली पाडायला कुणाचीच लागली नाही.