मंडळाच्या पत्त्यावर आलेले बायोडाटा

मी मुळात भित्रा माणूस. अनोळखी नंबरवरून फोन आला की आधी उभा राहतो, मग उचलतो. असल्या माणसाने वेबसाइटची नावं विकत घेऊन विकायचा उद्योग करूच नये. पण भोकरदनला बसस्टँडच्या मागे माझा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे, दुपारी तिथे चिटपाखरू नसतं, आणि रिकामा बसलो की मला नाही नाही ते सुचतं.

या धंद्याचे नियम मला पाठ होते. चालू कंपनीचं नाव घ्यायचं नाही, ते अंगाशी येतं. कुणा माणसाचं नाव अडवून बसायचं नाही. पण ज्याने मुदतीत पैसे भरले नाहीत, वरचे सवलतीचे दिवसही घालवले, त्याचं नाव मोकळं होतं आणि पहिला येईल त्याला मिळतं. आठवडी बाजारात एखादा आला नाही की त्याच्या जागेवर दुसरा पोतं अंथरतो, तसंच. यात चोरी कसली, असं मी स्वतःला सांगायचो, आणि नियमाप्रमाणे ते खरंही होतं.

असंच एकदा आमच्या भागातल्या वधू-वर सूचक मंडळाचं नाव सुटलेलं दिसलं. मंडळ म्हणजे पाच-सहा निवृत्त माणसं. दर वर्षी मेळावा घेतात, परिचय पुस्तिका छापतात. मुदत वाढवायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. मी नाव घेऊन टाकलं. त्यावर ‘विक्रीस आहे’ असं पान चढवलं, खाली क्लासच्या पाटीवरचाच माझा मोबाईल नंबर दिला. शिवाय एक आगाऊपणा केला. त्या नावाच्या कुठल्याही पत्त्यावर मेल आला तरी तो माझ्याकडे यावा, अशी सोय करून ठेवली. मंडळाची माणसं चौकशी करतील, त्यांचंच नाव त्यांना विकू, असा बेत होता.

चौकशी आली नाही. बायोडाटा यायला लागले.

मंडळाचा मेल पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापलेला होता. वेबसाइट बंद पडली तरी पुस्तिका घरोघरी टीव्हीशेजारी पडलेल्याच होत्या. त्यात बघून लोक पाठवत राहिले. मुलीचा फोटो, जन्मवेळ, उंची, बापाचा मोबाईल, मामाचं गाव. त्याच दिवशी मी मंडळाला कळवायला हवं होतं. मी चहा पिता पिता ते वाचत बसलो. तीर्थपुरीकडच्या एका बापाने वहीच्या कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला होता. ‘पोरीचं पहिलं लग्न मोडलं. तिचा दोष न्हाई. फोटो सगळ्यांना दाखवू नका, बराबर माणूस वाटला तरच दाखवा.’ मी तो कागद दोनदा वाचला आणि मुलीचा फोटो मोठा करून पाहिला.

दोनेक महिने असेच गेले. मग एका दुपारी फोन आला. रामराम-नमस्कार काही न करता तो माणूस एकदम मुद्द्यावर आला. नाव केवढ्याला देणार? मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. तो लगेच हो म्हणाला. आमच्याकडे कोथिंबीरसुद्धा कुणी घासाघीस केल्याशिवाय घेत नाही, तेव्हाच मला यात काहीतरी काळंबेरं वाटलं.

“मेल मात्र चालू ठेवून द्या,” तो म्हणाला. “बायोडाटा येतात ना? मागच्या आठवड्यात मीच एक पाठवून पाहिला. मेल परत आला नाही, म्हणजे कुणीतरी घेतंय. बीएस्सी झालेली, निळी साडी. बघितली असेल तुम्ही.”

बघितली होती.

“तुम्हाला काय करायचेत ते?” मी विचारलं.

“तुम्हाला विकायचंय, मला घ्यायचंय. सगळं नियमात बसतं. बसस्टँडच्या मागेच क्लास ना तुमचा? पाहिजे तर तिथे येऊन बोलू.”

मी ‘नाही विकायचं’ म्हणून फोन ठेवला. मंडळाकडून बोलतोय असं सांगून हा कुणाही बापाला फोन करील. मोडलेल्या लग्नाची गोष्ट गावभर करीन म्हणून तीर्थपुरीच्या त्या बापासारख्या एखाद्याला धमकावील. आणि पोलीस येतील ते माझ्या दारात. खरं सांगायचं तर हे पोलिसांचंच मला आधी सुचलं. मेल बंद करताना पासवर्ड तीनदा चुकला.

पुढचे दिवस वाईट गेले. दारात अनोळखी माणूस दिसला की मी उठून उभा राहायचो. एकाने नुसती संभाजीनगरची गाडी कुठे लागते विचारलं, तर मी ‘क्लास बंद आहे’ असं सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी त्या खरेदीदाराचा मेसेज आला. ‘हरकत नाही. मुदत कधीतरी संपतेच. मी थांबतो.’

तो वाचला आणि मी क्लासला कुलूप लावून मंडळाच्या सचिवांकडे गेलो. निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. मी सगळं सांगितलं, फक्त वाचल्याचं गाळलं. नाव आजच मंडळाच्या खात्यावर करून देतो, एक पैसा नको, असंही म्हणालो.

“अरे, आम्हाला वाटलं लोकांचा भरोसाच उठला,” गुरुजी म्हणाले. “यंदा पुस्तिका बंद करायच्या बेतात होतो.” मग थांबून म्हणाले, “तीर्थपुरीकडच्या एकाचा आल्ता का रे? परवा फोन केल्ता त्यानं. म्हणला, दोन महिन्यांत जवाब न्हाई, माझ्या पोरीला कुणी विचारीत न्हाई हे समजलं मला. फोटो फाडून टाका.”

“आल्ता, गुरुजी,” मी म्हणालो.

त्यांनी नंबर लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. “तूच सांग.”

मी चाचरत सांगितलं. कागद मंडळाकडे पोचलाच नाही, तो माझ्याकडे राहिला.

“म्हणजे कुणी न्हाई म्हणलंच न्हाई?” त्यांचा आवाज एकदम हलका झाला.

“न्हाई, काका. कुणीच न्हाई.”

“फोटो कुणी पाह्यला?”

“मी.”

“आणखी?”

“बिलकुल कुणी न्हाई. फक्त मी.”

“तुमच्या घरात कुणी लग्नाचं हाय का?”

“न्हाई.”

“मंग तुम्ही कशापायी पाह्यला?”

गुरुजी माझ्याकडे बघत होते. पलीकडून फोन ठेवला गेला नव्हता. तो बाप उत्तराची वाट बघत होता, आणि खरेदीदाराच्या फोनने वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.