नावाआधी उचललेली सुई

आमच्या बऱ्हाणपुरात चुका करणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती, पण केलेली चूक निस्तरायला पुन्हा त्याच जागेवर जाणारा माणूस अख्ख्या तापीकाठी एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या नशिबी आला. मावसाजी कचेरीत अर्जनवीस. दिवसभर लोकांसाठी 'मेहेरबान हुजुरां'च्या विनवण्या लिहायच्या आणि संध्याकाळी लोधीपुऱ्यातल्या घरी येऊन त्याच हुजुरांना यथेच्छ शिव्या द्यायच्या, हा त्यांचा नेम. "सांडलं तिथंच पुसायचं," असं ते उठताबसता म्हणत. "चुलीपाशी दूध सांडलं तर अंगणात पोतेरं फिरवून चालेल का?" एकदा गावाबाहेर, आमच्या लालबागच्या स्टेशनावर त्यांनी एका टांगेवाल्याला पिशवी लांबवली म्हणून चारचौघांत झापलं. पिशवी घरी खुंटीवर! दुसऱ्या दिवशी तो टांगेवाला लोधीपुऱ्यातच भेटला, तर हे त्याच्याच टांग्यात बसून माफी मागायला स्टेशनावर निघाले. तो बिचारा म्हणाला, "बाबूजी, माफी इथंच मांगून घ्या ना, घोड्याला कायले तरास?" पण ऐकतील तर ते मावसाजी कसले! स्टेशनासमोर उतरून, आदल्या दिवशी ज्या पट्टीत ओरडले होते त्याच पट्टीत त्यांनी माफी मागितली. घोडा बुजला. घरातही तोच प्रकार. खारट आमटीवरून मावशीवर डाफरले आणि मागाहून आठवलं, की वरून मीठ आपणच घातलं होतं. झालं, पुन्हा त्याच पाटावर येऊन बसले. मावशी म्हणाली, "माफी राहू द्या, आधी पाटावरून उठा. मला सारवायचंय."

त्यांचा दुसरा जीव फोनोवर, म्हणजे ग्रामोफोनवर. कर्णा रोज पुसायचे, स्वतःचा चष्मा मात्र महिनोन्‌महिने तसाच. त्या काळी तबकडीवर गाणारी माणसं गाणं संपलं की शेवटी आपलं नाव सांगत. आमच्या गावातल्या एका बाईंचीही एक तबकडी निघाली होती, एका बाजूला ठुमरी, दुसऱ्या बाजूला भजन. बाई बैठकीत गाणाऱ्या, त्यामुळे प्रतिष्ठितांच्या बायका त्यांच्या दारावरून जाताना पदर ओढून घेत, आणि त्याच बायकांचे यजमान मावसाजींच्या ओसरीवर ती तबकडी ऐकायला मांडी ठोकून बसत. शेवटी नाव आलं की मावसाजी उठून हात जोडत आणि आम्हा सगळ्यांना जोडायला लावत. "कानानं जेवलात ना? मग हातानं पोच द्या!" म्हणत. ठुमरीला 'वाहवा' करणारे मोठमोठे लोक तेवढ्या वेळापुरते पानाचा डबा शोधत.

मग नागपूरकडचे एक पुढारी येणार असं ठरलं. लालबागेत सभा, आणि अक्षर चांगलं म्हणून स्वागत समितीचे चिटणीस मावसाजी. बाईंनी निरोप पाठवला, स्वागताचं गाणं मी म्हणते, बिदागी नको. अध्यक्ष म्हणाले, "देशकार्यात असल्या बायका? शोभतं का?" ओसरीवर सर्वांत पुढची जागा धरणारे ते हेच. नकाराचं पत्र मावसाजींच्या वळणदार अक्षरात गेलं. पण गाण्यावाचून सभा सुनी वाटेल आणि चांगल्या घरच्या मुली मंचावर उभ्या राहणार नाहीत, तेव्हा समितीनं युक्ती काढली: फोनो ठेवायचा आणि त्याच बाईंचं भजन लावायचं. आवाज चालेल, बाई नको! फक्त नाव यायच्या आत सुई उचलायची. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. म्हटलं, "मावसाजी, उचलू नका." ते म्हणाले, "अरे, सभा मोडली तर?" मी त्यांना इतकं केविलवाणं कधी पाहिलं नव्हतं.

सभेच्या दिवशी बाई आल्या होत्या. कनातीबाहेर, टांगे उभे होते तिथं, डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या. भजन सुरू झालं आणि एवढी सभा चिडीचूप झाली. पुढारी डोळे मिटून डोलू लागले. शेवटची तान संपली, मावसाजींनी सुई उचलली, पण इतक्या घाईत की खर्रकन आवाज झाला. टाळ्यांत तो कुणाला ऐकू गेला नाही. पुढाऱ्यांनी विचारलं, "वा! कोण हो ह्या बाई?" अध्यक्ष म्हणाले, "मुंबईकडच्या असाव्यात." मावसाजी शेजारीच होते. ते वाकून तबकडी पाकिटात घालू लागले. मी कनातीकडे पाहिलं तर बाई निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मावसाजींनी फोनो टांग्यात घातला, मला बरोबर घेतलं आणि बाजारातून सगळ्यांच्या देखत बाईंच्या दारी गेले. भजन लावलं. पण घाईत ओढलेल्या सुईचा चरा नेमका नावाआधी पडला होता. सुई तिथं आली आणि नाव ओलांडून पुढे उडाली. मावसाजींनी ती पुन्हा मागे ठेवली, ती पुन्हा उडाली. मग त्यांनी स्वतःच्या घोगऱ्या आवाजात बाईंचं नाव म्हटलं आणि हात जोडले. बाईंनी पाणी दिलं, सुपारी दिली, आणि अगदी मऊपणानं म्हणाल्या, "नाव तर तुम्ही रोजच घेता, मुनशीजी. काल घ्यायचं होतं."

येताना मावसाजी एवढंच म्हणाले, "खरंय. सांडलं ते लालबागेत." पुढच्या सभेत तिथंच, सगळ्यांसमोर नाव घ्यायचं असं त्यांनी ठरवलं. पण सरकारनं सभांना बंदी केली, पुढारी तुरुंगात गेले, आणि वर्षांमागून वर्षं गेली. मावसाजी दर महिन्याला कचेरीत विचारत, "परवानगी सुटली का हो?" अशातच एका उन्हाळ्यात बाई तापानं गेल्या. पुढे एकदाची लालबागेत सभा भरली तेव्हा मावसाजी वाकले होते. आभार संपताच ते काठी टेकत मंचावर चढले, झालं ते सगळं सांगितलं आणि बाईंचं नाव घेतलं. पोरं हसली. अध्यक्ष, तेच ते, घड्याळ पाहू लागले. मावसाजी मात्र कनातीबाहेर टांगे उभे होते तिकडे तोंड करून कितीतरी वेळ हात जोडून उभे राहिले. मला रडू आवरेना.

आता मावसाजीही नाहीत. तबकडी माझ्याकडे आहे. सुई अजून त्या चऱ्यावरून उडते आणि नाव मी म्हणतो. पण हे एवढं लिहून झाल्यावर वाचून पाहतो, तर मीसुद्धा पहिल्यापासून नुसतं 'बाई, बाई' म्हणत आलोय! मावसाजी असते तर त्यांनी माझा कान धरला असता. सांडलं इथं, तेव्हा इथंच पुसतो. त्यांचं नाव मैनाबाई. मैनाबाई बऱ्हाणपूरवाल्या.