सालीखालचं हिरवं

झाड मेलं की जिवंत, ते माय नखानं बघायची. फांदीची साल अंगठ्याच्या नखानं जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं की म्हणायची, "हाय. झोपलंय." तपकिरी निघालं तर काहीच बोलायची नाही, फांदी मोडून चुलीजवळ टाकायची.

आमचं अंजिराचं झाड मुळात चुलीसाठीच घरी आलं होतं. माय किल्ल्याखालच्या एका बागेत रोजानं जायची. पावसाळा सरता सरता बागेची छाटणी व्हायची आणि छाटलेल्या काड्या बायांनी जळणाला न्यायच्या, अशी तिथली रीत होती. अंजिराची ओली काडी जळत नाही, नुसती धुमसते. घरभर धूर करते, डोळ्यांतून पाणी काढते. त्या धुराला वैतागून मायनं एक जाड काडी मोरीच्या कडेला खोचून ठेवली, वाळली की घालू चुलीत म्हणून. ती वाळली नाही. तिला पानं आली. मग मायनं तिला भांडी घासलेलं पाणी घालायला सुरुवात केली आणि आम्ही भावंडं त्या झाडाखाली मोठी झालो.

बागेत जशी अंजिराला ताण द्यायची पद्धत, तशीच माय घरीही द्यायची. पाऊस थांबला की झाडाचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळून जातात, झाड नुसता सांगाडा होतं. मग छाटायचं, शेणखत घालायचं आणि पुन्हा पाणी सुरू करायचं. शिमग्याच्या आसपास फळ धरतं. एका वर्षी तो सांगाडा बघून धाकटी बहीण रडायला लागली, झाड मेलं म्हणून. मायनं तिला कडेवर घेतलं, तिचाच अंगठा धरून तिचं नख फांदीवर दाबलं. खालचं हिरवं बघून ती हसली. मला ते चांगलं आठवतं, कारण मग कितीतरी दिवस ती दिसेल त्या झाडाला नख लावत फिरायची आणि तिच्यामागं मी. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती तिला सांभाळायलाच. माय बागेत गेल्यावर घरी कुणीतरी हवं होतं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. धाकटी शिकली, शहरातल्या कॉलेजात गेली, आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान होता.

माझं लग्न होऊन मी संभाजीनगरात आले. दोन खोल्या, वर गच्ची. घरीच साड्यांना फॉल-पिको करते. मला फार बोलता येत नाही. बायका साडी देतात, रंग सांगतात, मी मान हलवते. धाकटीचा नवरा बोगद्याच्या कामावर सुपरवायझर आहे. काम जिथं निघेल तिथं बिऱ्हाड. काही वर्षांपूर्वी त्यांची बदली हिमाचलात झाली, जिथं घरासमोर बर्फ पडतो.

त्याच सुमाराला भावानं झाड तोडलं. किल्ला बघायला येणाऱ्यांसाठी त्याला चहा-नाश्त्याचं शेड टाकायचं होतं आणि झाड नेमकं रस्त्याकडच्या बाजूला. मायला त्यानं विचारलं म्हणतो. माय म्हणते, सांगितलं, विचारलं नाही. मला कळलं तोवर फांद्या खाली पडल्या होत्या. भर वैशाखातली काडी सहसा धरत नाही, तरी मी पिशवीभर काड्या शहरात आणल्या. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावल्या. त्यांतल्या दोनच धरल्या.

दिवाळीला धाकटी आली, तेव्हा एक तिनं मागितली. "ताई, मायचं झाड माझ्या दारात पाहिजे," म्हणाली. तिचा नवरा हसला. "ताई, तिथं आम्हीच कुडकुडतो. झाडाला स्वेटर कोण विणणार?" मी दोन्हींतली जोमदार होती ती तिला दिली. ओल्या पोत्यात गुंडाळून, पिशवीला भोकं पाडून. कमजोर होती ती मी ठेवली आणि पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर ती करपून गेली. नखाखाली तपकिरी निघालं. तेव्हापासून मायच्या झाडाचं जे काही उरलं होतं, ते धाकटीच्या दारात होतं.

थंडीतल्या अंजिराचं मला थोडं ठाऊक होतं. आमची बाग खोलगट जागेत होती. पौषात तिथं गार हवा साचायची आणि कोवळे शेंडे काळे पडायचे. त्यासाठी सांजच्याला पालापाचोळ्याचा धूर करायचे, लहान झाडांना पोतं गुंडाळायचे. बर्फाचं मात्र मला काही माहीत नव्हतं. मी विचार केला, आपण पाणी तोडून झाडाला झोपवतो, तिथं थंडीच झोपवत असेल. म्हणजे घाबरायचं कारण नाही. फोनवर मी धाकटीला सांगितलं, कुंडीतच ठेव, जमिनीत लावू नको. पानं गळाली की कुंडी आत घे, पण शेगडीजवळ नको, अंधाऱ्या गार जागेत ठेव. माती पार कोरडी पडू देऊ नको, ओलीही ठेवू नको. बर्फ संपला की हळूहळू बाहेर काढ. आणि शंका आली तर नख लावून बघ.

तिच्या नवऱ्याच्या स्वेटरचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं होतं. मी मायच्या जुन्या लुगड्यांची एक लहान गोधडी शिवली, कुंडीभोवती बसेल अशी. कडेला हिरव्या दोऱ्याचा आडवा टाका, वर बांधायला नाड्या. कुरियरनं पाठवली. तिचा फोन आला, लई छान झालीय म्हणाली.

त्या थंडीत मी रोज विचारायचे. एरवी मी आपणहून कुणाला फोन करत नाही, पण झाडाचं विचारायला मला संकोच वाटायचा नाही. एकदा तिनं सांगितलं, पानं गेली सगळी.

"नख लावलंस का?"

"लावलं ताई. हिरवं आहे."

त्या रात्री मला चांगली झोप लागली. उन्हाळ्यात तिनं फोटो पाठवला. कोवळा शेंडा, चिरलेली पानं. पुढच्या साली आणखी फोटो आले. त्यांतली पानं बरीचशी अखंड होती, पिंपळाच्या जवळ जाणारी, आणि फळं बोराएवढी. मला जरा वेगळं वाटलं. मग मीच मला समजावलं, थंडीनं पानं आखडली असतील, फळ खुजं राहिलं असेल. फॉलसाठी येणाऱ्या बायांना मी फोन काढून दाखवायचे. मी, जी रंगसुद्धा धड विचारत नाही. मायला दाखवला तेव्हा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. फोन जवळ नेऊन, लांब नेऊन ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "चांगलं हाय," आणि फोन परत दिला.

मी यायचं म्हटलं की धाकटी काहीतरी सांगायची. रस्ता बंद आहे, ह्यांची ड्यूटी आहे, घर लहान आहे. शेवटी यंदा ती बर्फावरून घसरून पडली आणि मनगट मोडलं. तिच्या नवऱ्यानंच मला फोन केला. "ताई, तुम्ही आलात तर लई उपकार होतील. हिच्या हाताला प्लास्टर, माझ्या हातच्या भाकरीला आकार नाय." त्यानंच तिकीट काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या लांब एकटी गेले. रेल्वेत दोन दिवस कुणाशी बोलले नाही, पण मनातून मला भीती वाटत नव्हती. मला झाड बघायचं होतं.

पोचले तेव्हा अंधार पडला होता. सकाळी उठून पाणी आणायला मागच्या अंगणात गेले. नळाच्या पाइपला कापड गुंडाळलं होतं, पाणी गोठू नये म्हणून तिथं सगळेच गुंडाळतात. वरून सुतळीनं करकचून बांधलेलं, चिखलानं मळलेलं. मी तोटी सोडली आणि माझा हात तसाच राहिला. कडेला हिरव्या दोऱ्याचा आडवा टाका होता. मायचं जांभळं लुगडं होतं.

अंगणात कुंडी कुठंच नव्हती. घरात नव्हती. जिन्याखाली नव्हती.

धाकटी गळ्यातल्या झोळीत हात अडकवून स्वयंपाकघराच्या दारात आली. मी विचारलं, ही गोधडी इथं कशी.

"मागच्या थंडीत पाइप फुटला होता ताई."

"आणि झाड?"

तिनं गळ्यातली झोळी सारखी केली. मग म्हणाली, "ते पहिल्याच थंडीत गेलं."

"नख लावलं व्हतंस?"

"पानं सगळी गळाली होती. नुसती काडी उभी होती. बाहेर बर्फ, लाकूड संपलेलं. तंदूरमध्ये..." तिथं खोलीत लोखंडी शेगडी असते, तिला तंदूर म्हणतात. "मीच घातली."

मी विचारलं, "धूर झाला का?"

तिला आधी कळलं नाही, मी काय विचारते ते. मग कळलं. ती खाली बघत म्हणाली, "लई झाला. सगळी खोली भरली."

म्हणजे ओली होती. म्हणजे झोपली होती. ज्या पोरीच्या नखाला मायनं ते हिरवं दाखवलं, तिनंच ते न बघता जाळलं, आणि वर मला सांगितलं, हिरवं आहे.

फोटोंचं मी विचारलंच नाही. तिनं आपणहून अंगणापलीकडच्या उतारावरचं एक झाड दाखवलं. रानातलं अंजीर, तिकडं त्याला फेगडा म्हणतात. "तू रोज विचारायचीस," ती म्हणाली. "काय सांगणार होते मी? तुला दुसरं आहेच काय ताई. मला वाटलं, तेवढंच..."

पुढचं तिनं तोंडातच ठेवलं. मला राग झाडाचा जास्त आला की त्या वाक्याचा, ते मला अजून ठरवता येत नाही. मी भाकरी थापायला घेतल्या. तिचा हात बरा होईपर्यंत राहिले, तिची वेणी घातली, कपडे धुतले. त्या नळावरूनच पाणी आणत होते. गोधडी मी सोडली नाही. सोडली असती तर पाइप फुटला असता.

निघायच्या आधी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी मला त्यांच्या गोठ्यात नेलं. त्यांना काही माहीत नव्हतं, गाय दाखवायला नेलं होतं. कोपऱ्यात एका पिंपात अंजीर होतं. खरं, आपल्यासारखं. निष्पर्ण, गवत गुंडाळलेलं. त्या हिंदीत सांगत होत्या, गुरांच्या उबेनं मुळं गोठत नाहीत, महिन्यातून थोडंसं पाणी पुरतं, खुबानीला, म्हणजे जर्दाळूला, फूल आलं की बाहेर काढायचं, दरवर्षी टोपलीभर फळ येतं. मी फोनवर सांगितलेलं जवळजवळ तेच. धाकटी त्यांच्या डोक्यावर राहत होती. जिना उतरून विचारायचं होतं फक्त. त्यांनी मला एक काडी देऊ केली. मी हात जोडून नको म्हटलं. ते झाड चांगलं होतं, पण ते त्यांच्या घरचं होतं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी गावी गेले. वाटेत बसमध्ये मी ठरवलं होतं, मायला म्हणायचं, हिरवं हाय. तिचं वय झालंय, तिला कशाला. धाकटीचं खोटं आता मलाच पुढं न्यायचं होतं. माय शेडच्या मागं खाटेवर बसली होती. मी धाकटीचा हात बरा झाल्याचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं. मग म्हणाले, "माय, झाड..."

"राहू दे," माय म्हणाली. "फोटोतलं पान आपलं नव्हतं. आपल्या पानाला पाच बोटं असतात."

मी विचारलं, "मग तवाच का नाय सांगितलं?"

"तू लई खुश व्हतीस."

म्हणजे तिलाही माहीत होतं. एकीनं खोटं सांगितलं, दुसरीनं ते ओळखून तसंच राहू दिलं, आणि मधल्या काळात मी बायांना फोन काढून दाखवत होते. दोघींनी मिळून ठरवलं नव्हतं, तरी दोघींनी माझ्याबद्दल एकच विचार केला होता, की हिच्याकडून हे काढून घेऊ नये, हिच्याकडं दुसरं नाही. मला लहानपणापासून वाटायचं, या घरात सांभाळणारी मी.

जेवणं झाल्यावर भांडी मीच घासली. त्या पाण्याची बादली उचलली आणि सवयीनं पाय रस्त्याकडच्या बाजूला गेले. तिथं सिमेंट होतं, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. भावजय आतून म्हणाली, "वन्सं, तिथं नका ओतू, गिऱ्हाईक घसरंल."

मी बादली तशीच धरून उभी राहिले. माय खाटेवरून बघत होती. फांदी तपकिरी निघाल्यावर बोलायची नाही, तशीच ती या खेपेलाही काही बोलली नाही.