षष्ठीचं श्राद्ध

भाद्रपद वद्य षष्ठी. सकाळी मी गवार मोडत बसले होते. निम्मी झाली असेल, तेवढ्यात पोलीस ठाण्यातून फोन आला की माणूस सापडला, कोर्टात या.

माणूस म्हणजे माझा नवरा. कोर्टाने मुलीच्या खर्चासाठी ठरवून दिलेली रक्कम त्याने दीड वर्ष दिली नव्हती. सासूबाई थांब म्हणत राहिल्या म्हणून मी वर्षाच्या वर थांबले. पहिल्या काही महिन्यांचे पैसे बुडाले. रक्कम थकली की अर्ज वर्षाच्या आत करायचा असतो, हे मला वकीलबाईंकडून उशिरा कळलं. मग वॉरंट निघालं, पण तो दर वेळी पत्ता बदलायचा. हवालदार म्हणाले, कुठे सापडेल ते तुम्हीच सांगा. वडिलांच्या श्राद्धाला तो कोपरला आईकडे येतोच. मी तिथी बघून तारीख कळवली. मुलीच्या कॉलेजचा हप्ता त्याच आठवड्यात भरायचा होता.

अटक झाली की बहुतेक लोक संध्याकाळच्या आत पैसे भरतात, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. मीही तेच धरून चालले होते. कल्याणच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनी त्याला विचारलं, निम्मे तरी भरता का? त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

"नाही भरणार. आत बसतो."

एक महिन्याची कैद झाली. बसल्याने थकबाकी फिटत नाही, ती तशीच उभी राहते, असं वकीलबाईंनी बाहेर आल्यावर समजावलं. उभी राहील. हप्ता कसा भरायचा, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

घरी आले तर मुलगी पलंगावर बसलेली, पायांशी बॅग. ती कॉलेजला गेली असेल असं मी समजत होते. आजीने वडे तळायला बोलावलं म्हणून ती सकाळीच कोपरला गेली होती.

"कावळा शिवला का बघ, म्हणाली आजी. मी गॅलरीत गेले तर खाली पोलीस. पप्पा सोवळ्यात होते. कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत त्यांनी." मग तिने विचारलं, "तारीख कोणी सांगितली, आई?"

"मी."

"बाकीचे दिवस नव्हते?"

"होते. तो नव्हता."

फी तुझीच होती, हेही मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली की तिला आता कॉलेजच नको. आजी एकटी पडली आहे, पप्पा सुटेपर्यंत मी तिकडेच राहते, म्हणाली आणि गेली. मी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली गवार मोडली, भाजी-पोळीचा डबा केला आणि कोपरला दाराच्या कडीला अडकवला. बेल वाजवली नाही. तिथून कल्याणला गेले आणि पहिल्या अर्जानंतर थकलेल्या महिन्यांसाठी नव्या अर्जावर सही केली. वर्ष उलटू द्यायचं नव्हतं.