मंदावर ठेवलेला कुकर

मास्तरांनी शिवायला घेतलेला कपडा कधी वेळेवर दिला नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. "उद्या नक्की" म्हणायचं आणि परवाही टोलवायचं, यात त्यांचा हातखंडा. पण तो निव्वळ आळस. मुद्दाम ठरवून उशीर त्यांनी आयुष्यात एकदाच केला, आणि तोही खिम्याच्या गोळ्यांना.

निमित्त मुलीचं. ती परगावी नर्स होती, आता मुख्य नर्स झाली होती. मास्तरांनी शेजारच्या काकूंना आणि दुकानात काजं करणाऱ्या जुन्या सोबत्याला पार्टीला बोलावून टाकलं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, एवढा घाट कशाला घालताय? मी तासभरच येणार."

तासभर! आई गेल्यापासून पोरगी यायची ती घोड्यावर बसूनच. पर्स खांद्यावरून उतरायची नाही. तब्येतीची चौकशी, औषधांवर एक नजर, की निघाली. मास्तरांना तिचा राग येत नसे. हे घर त्यांनाही खायला उठायचं, फक्त त्यांना जायला दुसरं घर नव्हतं. आई असताना बसायची तशी एक संध्याकाळ तरी पोरीने पाय पसरून बसावं, एवढ्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

स्लो कुकर तिनेच आणून दिला होता. मास्तर गॅसवर भांडं चढवून मशीनवर बसायचे आणि भांड्याचा कोळसा व्हायचा, म्हणून. "सकाळी टाका, संध्याकाळी खा," तिने बजावलं होतं. "आणि झाकण सारखं उघडू नका. एकदा उघडलं की वाफ जाते, अर्धा तास वाढतो."

मास्तरांनी खिमा मळला, मापात कापड बेतावं तसे एकसारखे गोळे वळले आणि टोमॅटोच्या रश्शात सोडले. भांडं फ्रिजमध्ये ठेवून सकाळ तशीच जाऊ दिली. दुपारची झोप काढून उठल्यावर कुकर लावला आणि बटण मंदावर फिरवलं.

संध्याकाळी सगळे जमले. मुलगीही आली, पर्स खांद्यालाच. सरबत झालं, गप्पा झाल्या, काजेवाल्याच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"मास्तर, हेही उद्या नक्की का?"

काकूंची हसून मुरकुंडी वळली. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली, तसे मास्तर मागोमाग. तिने कुकरला हात लावून पाहिला, बटणाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"कधी लावलात हा?"

"झाला गं जरा उशीर."

"बाबा."

मास्तरांना थाप सुचेना. गिऱ्हाइकांसमोर हजार सुचायच्या. "तू लगेच जातेस ना," ते म्हणाले, "म्हणून."

बाहेरून काकू ओरडल्या, "अगं, जोरात कर की ते!"

तिचा हात बटणाशी गेला. मास्तर खाली मान घालून उभे राहिले. हात तिथेच थोडा वेळ राहिला, मग वर गेला आणि तिने झाकण उचललं. सगळी वाफ निघून गेली.

"कच्चेच आहेत अजून," ती म्हणाली. झाकण ठेवलं आणि पर्स काढून खुंटीला अडकवली.

काजेवाला दारात येऊन उभा राहिला. "पोरी, त्याचं झाकण सारखं उघडायचं नसतं ना? मास्तर सांगत असतात."

"अजिबात उघडायचं नसतं, काका," ती म्हणाली, आणि तिने ते पुन्हा उघडलं.