जगदेवच्या गाडीचं दार

आमच्या गावात असं एक घर दाखवा, जिथे जगदेवनं वेल्डिंग केलेली वस्तू नाही. कुठे फाटक असेल, कुठे पाण्याच्या टाकीचं स्टँड, कुठे नुसती खिडकीची जाळी. रिसोडच्या रस्त्याला गावाच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे, मागेच घर, आणि बरोबर समोर माझं कृषी केंद्र. मी उकंडराव. बियाणं आणि खत विकता विकता कित्येक वर्षं समोरच्या ठिणग्या बघतो आहे, म्हणून हे सांगायचा हक्क माझाच.

जगदेवकडे कौतुकाचा शब्द एकच आहे, मजबूत. जेवण चांगलं झालं तरी मजबूत, कीर्तन रंगलं तरी मजबूत. त्याच्या हातून हलकी वस्तू बाहेर पडत नाही. शाळेला त्यानं केलेलं फाटक उघडायला दोन पोरं लागतात. स्वतःच्या घरात त्यानं एक लोखंडी पलंग केला. तो जिथे केला तिथेच आहे, दिवाळीला त्याच्या भोवतीनं रंग देतात.

त्याची बायको पंचफुला. तिचा ओढ्याकाठी अर्ध्या एकराचा भाजीचा मळा आहे, आणि रिसोडच्या बाजारात तिच्या गाजराला नाव आहे. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवत नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. नवरा-बायको गाडीवर निघाले आणि चढ आला की बायको उतरते. कोणी तिला उतर म्हणत नाही, ती उतरू का विचारत नाही. गाडीचा आवाज बदलला की ती पदर खोचते, पिशवी काखेत मारते आणि चालू लागते. नवरा भुर्रकन वर जातो, एक पाय टेकवून सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत थांबतो. पंचफुला आधी सायकलवरून उतरली, मग लुनावरून, मग मोटारसायकलवरून. गाड्या बदलत गेल्या, तिचं उतरणं तेवढं चालू राहिलं.

मागच्या वर्षी नवरात्रात ती देवीच्या टेकडीच्या वळणावर अशीच उतरली. वर पोचली तेव्हा घामानं थबथबलेली होती. जगदेव सावलीत उभा होता. चार माणसांदेखत ती म्हणाली, "अवो, साऱ्या गावाचं बनवता. मायासाठी एक गाडी अशी करा का मले चढावर उतरा नाई लागलं पायजे. तवाच मी तुमच्यासंगं इथी येईन."

माणसं हसली. जगदेव हसला नाही, त्याला ते लागलं.

दुसऱ्या कोणी सरळ एक जुनी कार घेतली असती. पण दुसऱ्यानं केलेलं वेल्डिंग जगदेवला बघवत नाही. मोबाइलवर शोधता शोधता त्याला पुण्याचं एक छोटं वर्कशॉप सापडलं. ते लोक दोन माणसांची हलकी स्पोर्ट्स कार सुट्या भागांत पाठवतात. नळ्यांचा सांगाडा, पत्रे, चाकं, नटबोल्टच्या पिशव्या. इंजिन एखाद्या जुन्या छोट्या कारचं बसवायचं आणि गाडी आपण जोडायची.

"वजनच नाई तं चढाले दमन कायले?" जगदेव मला म्हणाला. हिशेब चुकीचा नव्हता, हे मी तेव्हाही कबूल केलं.

उन्हाळ्यात खोके आले आणि पाऊस लागायच्या आत गाडी उभी राहिली. लाल, बसकी, नाकाड पुढे. बबनराव आमच्या गावचे मोठे शेतकरी, दारात दोन ट्रॅक्टर. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे पेरते का वखरते?" जगदेवनं लक्ष दिलं नाही. मोठ्या रस्त्यावर ती न्यायची नाही, पासिंगचं पुढचं पुढे, एवढी अक्कल त्याला होती. टेकडीचा रस्ता देवस्थानाचा स्वतःचा. तिथे तो एकटाच गेला आणि गाडी अशी सुसाट चढली की पुजारी बाहेर येऊन बघायला लागला.

घरी येऊन त्यानं पंचफुलाला हाक मारली. ती हात पुसत आली, गाडीजवळ उभी राहिली आणि उभीच राहिली. गाडीला दार नव्हतं. कडेवरून पाय टाकून आत घसरायचं, अशीच तिची रचना होती.

"हे गाडी हाय का हौद?" पंचफुला म्हणाली. "लुगडं वर खोसून, टांग टाकून या हौदात उतरू मी? साऱ्या गावादेखत? नाई बाप्पा, मी पायीच बरी."

मी दुकानात बसून इतका हसलो की गिऱ्हाईक चुकीचं औषध घेऊन चाललं होतं.

जगदेवनं पुण्याला फोन लावला. गाडीचं डिझाइन करणाऱ्या रीता मॅडम तिकडे बोलत होत्या. फोन स्पीकरवर, म्हणजे मलाही ऐकू.

"दार करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ती बाजूची नळी म्हणजे गाडीची बरगडी आहे. कापलीत तर गाडी मधून वाकेल."

"मॅडम, नळी ठेवली तं बायको रस्त्यावर राह्यते," जगदेव म्हणाला.

पलीकडे त्या हसल्या. "बरं, कापा. पण खालून ताकद द्या. आणि गाडी हलकीच राहिली पाहिजे हं."

जगदेवनं 'ताकद द्या' एवढंच ऐकलं. पुढचं वाक्य त्याच्या कानात शिरलंच नाही, याचा साक्षीदार मी आहे. त्यानं नळी कापली, सुरेख दार बसवलं, आणि दाराखाली दोन्ही बाजूंनी ट्रॉलीला टाकतात तसला जाड अँगल ठोकला. खड्ड्यात पोट घासू नये म्हणून स्प्रिंगा बदलून गाडी उचलली, ते मात्र झकास काम होतं. पण एकदा हात सुटला की जगदेव थांबतो कशाला? खाली चौकड्याचा जाड पत्रा आला. रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला तर म्हणून पुढे गार्ड आलं. बबनराव म्हणाले, "मांगून एक हूक टाक, अडली तं ओढता येईन." हूक आला. मीही म्हणालो की एक कॅरिअर असू दे, खताची एखादी बॅग तरी बसेल. कॅरिअर आलं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवून गेला आणि जगदेवनं कोणाचंच मन मोडलं नाही.

"आता झाली मजबूत," तो म्हणाला.

गणपती उठल्यावर दोघं टेकडीवर निघाले. पंचफुला दार उघडून खुर्चीवर बसावं तशी आत बसली. दार ओढून घेतलं, पदर सारखा केला, माझ्याकडे बघून चक्क हसली. मी मागून माझ्या मोटारसायकलवर होतो. पहिला चढ गाडीनं कण्हत काढला. वळणावर इंजिन घरघरलं, क्लच जळाल्याचा वास सुटला आणि गाडी थांबली.

पंचफुलानं दार उघडलं, उतरली, पिशवी काखेत मारली आणि चालू लागली.

जगदेव स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. त्याचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. थट्टा करायला म्हणून मागे गेलो होतो, ती विसरलो.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही रिसोडला काट्यावर नेली. पुढे-मागे सोयाबीनच्या गाड्या, मधे आमची लाल नवरी. जोडली तेव्हा साडेपाच क्विंटलची असलेली गाडी आता आठाच्या पुढे गेली होती. काटेवाल्यानं माल कोणता म्हणून विचारलं.

"मोठं इंजिन टाकतो," जगदेव परत येताना म्हणाला. रीता मॅडमनी फोनवर समजावलं की मोठ्या इंजिनाला मोठा गिअरबॉक्स, मोठे ब्रेक, मग आणखी मोठं इंजिन. जगदेव तोंड पाडून मळ्यात जाऊन बसला. मी त्याला शोधत तिथे गेलो.

पंचफुला गाजराच्या वाफ्यात विरळणी करत होती. दाट उगवलेली रोपं हातानं उपटून बांधावर टाकायची. जगदेव बांधावर बसून बघत होता. न राहवून म्हणाला, "अवं, हे तं चांगलं रोप होतं. काहून उपटून राह्यली?"

"चांगलंच हाय," ती मान वर न करता म्हणाली. "वाईट असतं तं कोनीबी उपटते. पन सारेच ठेवले तं एकबी गाजर बोटाएवढं होत नाई."

आणखी दोन रोपं उपटली आणि तिचा हात थांबला. तिनं जगदेवकडे पाहिलं, मग उठून माती झटकली. "उठा. तुमच्या गाडीची विरळणी करू."

त्या दुपारचा तमाशा मी जन्मात विसरणार नाही. पंचफुला गाडीभोवती फिरत होती, जगदेव ग्राइंडर घेऊन तिच्या मागे.

"हे कायले?"

"मजबूतीले."

"हे नसलं तं गाडी चालत नाई का?"

"चालते."

"काढा."

गार्ड निघालं. जाड पत्रा निघाला. बबनरावांचा हूक निघाला तेव्हा बबनराव तिथेच चहा पीत होते, त्यांनी कप खाली ठेवला आणि निघून गेले. मग ती कॅरिअरपाशी आली. "उकंडभाऊचं खत उकंडभाऊच्या गाडीत जाईन," ती म्हणाली आणि कॅरिअर माझ्या डोळ्यांदेखत उतरलं. मला राग आला. का येऊ नये? कल्पना चांगली होती. प्रत्येक तुकडा बाजूला ठेवताना जगदेव त्यावरून हात फिरवायचा, सासरी निघालेल्या लेकीला निरोप द्यावा तसा. पण काढत गेला. दुकानासमोर गाडीपेक्षा मोठा ढीग झाला.

शेवटी दाराखालचा अँगल उरला.

"हे काढलं तं गाडी खरंच वाकते," जगदेव म्हणाला. ही थाप नव्हती, तिला ते कळलं.

"मंग हे मले नाई समजत. त्या बाईले इचारा. आन या टायमाले पुरं आयका."

फोन लागला. या वेळी जगदेवनं पुरं ऐकलं. रीता मॅडम म्हणाल्या, "जाड लोखंड नको. बारीक नळ्या घ्या आणि त्रिकोण करा. वर एक, खाली एक, मधे तिरप्या."

जगदेव म्हणाला, "मॅडम, म्हंजे शेडची कैची?"

"अगदी तेच. तुम्हाला जमेल ना?"

जगदेवनं कपाळावर हात मारून घेतला. पत्र्याच्या शेडसाठी बारीक पाइपच्या कैच्या तो मिसरूड फुटल्यापासून करत आला आहे. अख्खा पत्रा त्या तोलतात, वारा सुटला तरी हलत नाहीत. ती आडवी करून दाराखाली टाकावी, हे त्याला सुचलं नव्हतं इतकंच. दोन दिवसांत दोन कैच्या झाल्या. अँगल कापून खाली पडला तेव्हा रस्त्याला आवाज गेला. पुन्हा काट्यावर गेलो, गाडी दारासकट सहा क्विंटलच्या आत आली होती. रीता मॅडमनी लगेच दाराचे फोटो मागवले, पुढच्या गाड्यांना तसंच दार करून बघतो म्हणाल्या. जगदेव हो हो म्हणाला, पण त्याचं लक्ष टेकडीकडे होतं.

नवरात्रातल्या अष्टमीला सगळं गाव टेकडीवर लोटतं. पायथ्याशी पंचफुला गाडीत बसली. मांडीवर ओटीचं ताट. मी पुढे जाऊन वळणावरच थांबलो होतो. पहिला चढ गाडीनं सहज काढला. वळण आलं, गिअर बदलला, इंजिनाचा आवाज खाली गेला. तेवढ्यात पंचफुलाचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. इतक्या वर्षांची सवय, आवाज बदलला की उतरायचं.

"बसून राह्य," जगदेव म्हणाला. ओरडला नाही, विनवलं त्यानं. "तू उतरली तं मी वर जाऊन काय करू?"

तिनं कडीवरचा हात काढून ताटावर ठेवला. गाडीनं वळण घेतलं आणि वर निघून गेली.

मी पायीच धापा टाकत वर पोचलो तेव्हा ती अजून गाडीतच होती. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ती हसत होती. मागे वळून रस्त्याकडे बघत म्हणाली, "अवो, एवढाच होता का हा चढ?"

जगदेव उगाच आरसा पुसत राहिला.

वर देवळापाशी नेहमीप्रमाणे नवरेमंडळी मोटारसायकली लावून उभी होती. बबनरावही होते. खालून बायका येत होत्या, ताटं सांभाळत, थांबत, श्वास घेत. त्यात रूपाबाई होती, बाजारात पंचफुलाशेजारी वांगी घेऊन बसणारी, गुडघ्यावर हात देत चढणारी. पंचफुलानं तिला पाहिलं आणि ती स्वतःहून गाडीतून उतरली.

"जा," ती जगदेवला म्हणाली. "रूपाबाईले घेऊन या."

"अवं, आदी देवीचं दर्शन तं घे."

"देवी कुठी पळून राह्यली? जा तुमी."

जगदेव खाली गेला आणि रूपाबाईला घेऊन आला. मग दुसरीला, मग तिसरीला. दिवे लागेपर्यंत तो खालीवर करत होता, आणि पंचफुला नवरेमंडळींच्या शेजारी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीसाठी दार उघडत होती. पहिल्याच फेरीला रूपाबाई उतरली तेव्हा तिचा नवरा पुढे आला होता आणि सवयीनं म्हणाला होता, "आली का वं?"

रूपाबाईनं ताट सारखं केलं आणि त्याच्याकडे न बघता देवळाकडे निघाली. "मी नाई आली," ती म्हणाली. "मले आनलं."